टाकळीचे शिंपले, मांगलीची कवटी

हल्ली शास्त्रज्ञाची थोरवी मोजण्याची एक रीत पडली आहे. त्याने निबंध किती लिहिले, कोणाबरोबर लिहिले आणि इतरांनी त्यांचा हवाला किती वेळा दिला, याची गणती करतात. कामाची मोजदाद आम्हां कामगार चळवळीतल्या माणसांना नवी नाही. मोजदादीतून काय निसटते, तिकडेही आमची नजर जातेच. हाच हिशोब नागपूरच्या एका जीवाश्म-संशोधकाला लावून पाहू या.

स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटलंडचे पाद्री. १८४५ साली नागपुरास आले. धर्मप्रसार व शाळा हे त्यांचे काम. दगड फोडणे फावल्या वेळचे. नागपूरचे हिस्लॉप कॉलेज यांच्याच नावाचे. १८५१ च्या सुमारास ते व त्यांचे सहकारी रॉबर्ट हंटर यांना टाकळीस काळ्या पाषाणाच्या थरांमध्ये दबलेल्या गाळात गोड्या पाण्यातले शिंपले आणि गोगलगाई सापडल्या. टाकळी तेव्हा गावाबाहेर होती, आता शहरात आली आहे. लाव्ह्याचा एक लोट थंड झाला, खोलगट जागी पाणी साचले, झाडे उगवली, किडे नांदले. मग पुढचा लोट आला आणि सगळे झाकून गेला. ही घडामोड सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीची, हे आज आपण जाणतो. हिस्लॉपना ते वय ठाऊक असणे शक्य नव्हते, परंतु लाव्ह्याच्या दोन लोटांमध्ये जिवंत तळ्यांचा काळ होता हे त्यांच्या शिंपल्यांनी दाखवून दिले.

निबंधांची संख्या पाहिली तर ती फार नाही. १८५५ साली हंटर यांच्यासह नागपूर परिसराच्या भूरचनेवर लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या नियतकालिकात एक. १८६० मध्ये शिंपल्यांवर, १८६१ मध्ये कोळशाच्या वयावर. परंतु सहकार्य पाहा. किड्यांचे पंख अँड्र्यू मरे यांच्याकडे गेले, राईच्या दाण्याएवढे कवचधारी जीव रूपर्ट जोन्स यांच्याकडे आणि वनस्पतींचे ठसे चार्ल्स बनबरी यांच्याकडे. शिंपल्यांना हिस्लॉप यांनी स्वतः नावे दिली, ती हंटर, कार्टर, माल्कमसन यांची. उलट मुंबईच्या कार्टर यांनी १८५८ साली गोड्या पाण्यातल्या एका सूक्ष्म प्राण्याच्या वंशाला हिस्लॉपिया हे नाव दिले. तो प्राणी जिवंत आहे, नावही जिवंत आहे. ही देवाणघेवाण आम्हांला आवडते; ज्याचे ऋण घेतले त्याचे नाव कायमचे कोरून ठेवले.

आता मांगलीकडे वळू. नागपूरच्या दक्षिणेस साठेक मैलांवर, वर्धेच्या खोऱ्यात. तिथल्या वालुकाश्मात एका उभयचर प्राण्याची रुंद, आखूड कवटी मिळाली. ती लंडनला गेली आणि रिचर्ड ओवेन यांनी १८५५ साली तिला ब्रॅकिऑप्स लॅटिसेप्स हे नाव दिले. ‘डायनोसॉर’ हा शब्द रूढ करणारे ते हेच ओवेन. पुढे या जातीवरून एक अख्खे कूळ ओळखले जाऊ लागले. त्या कुळातले प्राणी ऑस्ट्रेलिया व दक्षिण आफ्रिकेत सापडले. त्यांच्यावर लिहिणाऱ्याला मांगलीच्या कवटीपर्यंत यावेच लागते. हवाल्यांचा हिशोब करायचा तर हे पारडे फार जड आहे. मात्र शास्त्राचा रिवाज असा की, जातीच्या नावापुढे वर्णन करणाऱ्याचे नाव आणि साल लागते. म्हणून तिथे ओवेन, १८५५. कवटी मिळवून देणाऱ्याला त्या ओळीत जागा नाही.

आणि हिस्लॉपांच्याही अलीकडे कोणी होतेच. कामठीजवळच्या सिलेवाड्याच्या दगडखाणींतून ग्लॉसोप्टेरिस नावाच्या वनस्पतीची पाने मिळाली. हीच पाने दक्षिण गोलार्धातही सापडतात आणि गोंडवन हा एकसंध भूखंड होता याच्या पुराव्यांत ती मोजली जातात. खाणीत दगड साहेब फोडत नव्हते. पहारीने फळी उचलली, खाली पान दिसले, ते पाहणारे पहिले डोळे बहुधा खाणकामगाराचेच असणार. त्याने ते बाजूला काढून ठेवले नसते तर ती फळी कुठल्याशा बंगल्याच्या पायरीला लागली असती. त्या थरांना कामठीचे नाव मिळाले.

१८६३ च्या सप्टेंबरात हिस्लॉप टाकळघाटची प्राचीन शिलावर्तुळे पाहून परतत होते. रात्रीची वेळ, पुराचे पाणी. त्यात ते बुडाले. गोंडांविषयीचे त्यांचे कागद, लिंगोच्या गीतासह, रिचर्ड टेंपल यांनी १८६६ साली छापून काढले.