मदतीचा दूरध्वनि

गेल्या महिन्यांत माझ्या घरचा संगणक एकाएकीं रुसून बसला. विकणाऱ्या कंपनीच्या साहाय्य-विभागास मीं दूरध्वनि केला. पाऊण तास सनईचे सूर ऐकविल्यानंतर एका तरुणानें मोठ्या आर्जवानें सांगितलें कीं, असा बिघाड आजवर दुसऱ्या कोणाच्याहि यंत्रांत झालेला नाहीं. तेव्हां यंत्र बंद करून पुन्हां चालू करावें. मी चरफडलों आणि गप्प बसलों. माझें नुकसान म्हणाल तर दोन व्याख्यानांच्या टिपणांचें. परंतु 'असें तुमच्याच बाबतींत होतें' हें एवढेंच वाक्य ऐकून शेंकडों प्रतिष्ठित माणसें देशोधडीस लागलीं, असें एक प्रकरण ब्रिटनच्या अगदीं अलीकडच्या इतिहासांत घडून गेलें आहे.

त्या देशांत खेड्यापाड्यांतील टपालकचेरी बहुधा किराणा दुकानाच्या एका कोपऱ्यांत असते. तेथील पोस्टमास्तर हा पगारी नोकर नसून कराराने बांधलेला दुकानदार असतो. आणि हिशेबांत तूट आली तर ती त्यानेंच भरून द्यावी असा टपालखात्याचा आग्रह असे. १९९९ सालापासून या कचेऱ्यांत 'होरायझन' नांवाची संगणकपद्धति बसविण्यांत आली. ती रचणारी आयसीएल कंपनी जपानच्या फुजित्सूच्या मालकीची होती. पूर्वीं हिशेब कागदावर असे. तूट दिसली तर पोस्टमास्तर रात्रीं दिव्यापाशीं बसून आपल्याच अक्षरांतली चूक हुडकून काढी. आतां बेरीज यंत्रानें सांगावयाची आणि पोस्टमास्तरानें ती मान्य करावयाची. मान्य केल्यावांचून पुढच्या मुदतीचा व्यवहारच सुरू करतां येत नसे. शंका आल्यास मदतीचा दूरध्वनि होताच!

हॅम्पशायरमधील साउथ वॉर्नबरो या गांवच्या जो हॅमिल्टन यांना सुमारें २,००० पौंडांची तूट दिसूं लागली. त्यांनीं दूरध्वनि केला. पलीकडून सांगितलें तशा कळा त्यांनीं दाबल्या, आणि डोळ्यांदेखत ती तूट दुप्पट झाली. पुढें त्यांच्यावर ३६,००० पौंडांच्या चोरीचा आरोप आला. तुरुंग टळावा म्हणून त्यांनीं खोटे हिशेब लिहिल्याचा गुन्हा कबूल केला. वेल्समधील लॅन्डुडनो येथील ॲलन बेट्स हे मात्र वेगळ्या धातूचे. आपला दोष नसलेली तूट भरण्याचें त्यांनीं साफ नाकारलें. २००० च्या डिसेंबरापासून सुमारें तीन वर्षांत त्यांच्या कचेरींतून मदतीसाठीं ५०७ वेळां दूरध्वनि झाले. त्यांपैकीं ८५ होरायझन व हिशेबाच्या मेळासंबंधीं होते. २००३ सालीं खात्यानें त्यांचा करारच रद्द केला.

दूरध्वनीवर बोलणाऱ्या बिचाऱ्यांना मी फारसा दोष देत नाहीं. समोरच्या कागदावर असेल तें वाचून दाखवावें, एवढेंच त्यांच्या हातीं होतें. परंतु तक्रार करणारा एकटा नाहीं, हें कळावयास जगांत एकच जागा होती, आणि ती म्हणजे जेथें सगळे दूरध्वनि येऊन पडत ती जागा! त्याच जागेवरून प्रत्येकास 'तुम्ही एकटेच' असें उत्तर मिळे. आणि ब्रॅकनेल येथील फुजित्सूच्या कचेरींतून पोस्टमास्तरास नकळत त्याच्या हिशेबांत फेरफार करतां येत असतांहि, तसें करणें शक्यच नाहीं असें खातें वर्षानुवर्षें सांगत राहिलें.

कायद्यानेंहि नेमका हाच मुहूर्त साधला. संगणकाचा पुरावा देणाऱ्यानें यंत्र नीट चालत होतें असें दाखवावें, हें १९८४ च्या कायद्यांतील कलम १९९९ च्या दुसऱ्या कायद्यानें काढून टाकलें. यंत्र निर्दोष, हें गृहीतच धरलें गेलें. ब्रिडलिंग्टनचे ली कॅसलटन यांनीं ९१ वेळां मदत मागितली होती. २००७ सालीं उच्च न्यायालयांत वकिलावांचून उभे राहून ते हरले, आणि सुमारें २५,००० पौंडांच्या तुटीपायीं ३,२१,००० पौंडांचा खर्च अंगावर पडून त्यांचें दिवाळें निघालें. सीमा मिश्रा या भारतीय वंशाच्या पोस्टमास्तरीणबाईंस २०१० सालीं गरोदर असतां १५ महिन्यांची शिक्षा झाली. त्या दिवशीं त्यांच्या मुलाचा दहावा वाढदिवस होता.

२००९ मध्यें 'कॉम्प्युटर वीकली' या पत्रानें सात पोस्टमास्तरांच्या हकीकती छापल्या. त्याच वर्षीं बेट्स यांनीं फेनी कॉम्प्टन या खेड्यांतील सभागृहांत सर्वांस बोलाविलें. तेथें जमलेल्यांपैकीं बहुतेकांस आपल्यासारखें दुसरें कोणी आहे हें तोंवर ठाऊक नव्हतें. मला वाटतें, या प्रकरणांतील निर्णायक दिवस तोच. कोर्टाचे दिवस मागाहून आले. पुढें ५५५ जणांनीं दावा लावला, आणि २०१९ च्या डिसेंबरांत न्यायमूर्ति फ्रेझर यांनीं होरायझनमध्यें दोष होते असा निर्णय दिला. तडजोडीचे ५ कोटि ७७ लक्ष ५० हजार पौंड मिळाले खरे. पण त्यांतील बराच मोठा भाग खटल्याच्या खर्चांतच गेला.

२०२१ च्या एप्रिलांत वरिष्ठ न्यायालयानें ३९ जणांच्या शिक्षा रद्द केल्या; त्यांत हॅमिल्टनबाई व मिश्राबाई होत्या. २०२४ च्या आरंभीं एका दूरचित्रवाणी-नाटकानें सारें राष्ट्र खडबडून जागें झालें, आणि त्याच वर्षीं पार्लमेंटनें कायदा करून उरलेल्या शेंकडों शिक्षा एका फटक्यासरशीं पुसल्या. २०२५ च्या जुलैंतील चौकशी-अहवालांत, या छळापायीं निदान १३ जणांनीं आत्महत्या केली असावी, असें नमूद आहे. कॅसलटन यांना मात्र त्या रद्दबातल शिक्षांचा कांहींच उपयोग झाला नाहीं. त्यांना शिक्षा झालीच नव्हती. त्यांचा खटला फौजदारी नसून दिवाणी होता.