टक्का आणि सामू : त्वचेवरच्या आम्लांची कहाणी

नववी-दहावीच्या वर्गात तारुण्यपीटिकांचा प्रश्न गणिताच्या पेपराइतकाच गंभीर असतो. कोणी लिंबू चोळतो, कोणी दही लावते, तर कोणी '१० टक्के ग्लायकोलिक आम्ल' असे लिहिलेली बाटली घरपोच मागवतो. तिन्ही उपायांत आम्ल आहे. आम्ल त्वचेवरची मृत पेशींची पुटे सैल करते, त्यामुळे चेहरा उजळ व नितळ दिसतो, हे खरे आहे. पण कोणते आम्ल, किती आणि कसे, हे कळायला माणसाला बराच काळ लागला. तो इतिहास ठाऊक असला तर बाटलीवरची चिठ्ठी नीट वाचता येते.

या आम्लांच्या जाहिरातीत हमखास प्राचीन राण्यांचे दुग्धस्नान येते. रोमन लेखक प्लिनी याने पहिल्या शतकात लिहून ठेवले आहे, की नीरो बादशहाची पत्नी पॉपिया गाढविणीच्या दुधात स्नान करीत असे. त्या दुधातील लॅक्टिक आम्लामुळे तिची कांती सतेज राहिली, हा मात्र आजच्या जाहिरातदारांचा शोध! ताज्या दुधात लॅक्टिक आम्ल जवळजवळ नसतेच. दूध आंबले म्हणजे जिवाणू दुग्धशर्करेपासून ते तयार करतात. स्वीडनमधील औषधविक्रेता आणि थोर रसायनज्ञ कार्ल विल्हेल्म शेले याने १७८० मध्ये हे आम्ल आंबलेल्या दुधातूनच वेगळे केले. लिंबातील सायट्रिक आणि सफरचंदातील मॅलिक ही आम्लेही त्यानेच प्रथम मिळवली. पण त्यांचा त्वचेशी संबंध कोणी जोडला नव्हता.

तो संबंध जुळला एका झाडाच्या सालीमुळे. विलो वृक्षाची साल तापावर देत असत. आपल्याकडची वाळुंज याच प्रजातीतली. १८३८ मध्ये इटालियन रसायनज्ञ राफाएले पिरिया याने सालीतील सॅलिसिन या द्रव्यापासून सॅलिसिलिक आम्ल तयार केले. पुढे जर्मनीत हेरमान कोल्बे याने फिनॉल आणि कार्बन डायऑक्साइड यांपासून ते बनवण्याची रीत शोधली आणि १८७४ पासून ते कारखान्यात तयार होऊ लागले. पदार्थ स्वस्त व शुद्ध मिळू लागताच डॉक्टरांनी तो वापरून पाहिला. १८८२ मध्ये हॅम्बुर्गचे त्वचारोगतज्ज्ञ पाउल गेर्सन उन्ना यांनी सॅलिसिलिक आम्ल, रिसॉर्सिनॉल, ट्रायक्लोरोअॅसेटिक आम्ल आणि फिनॉल यांचे त्वचेवरील परिणाम वर्णन केले. त्वचेची साल शास्त्रीय पद्धतीने काढण्याची सुरुवात साधारणपणे येथून मानतात.

आम्ल नेमके कशावर काम करते, हे कळण्यासाठी त्वचेची रचना पाहू. बाह्यत्वचेच्या तळाशी नव्या पेशी सतत तयार होतात. त्या वर सरकतात, वाटेत चपट्या होतात, मरतात आणि अखेरीस गळून पडतात. या प्रवासाला साधारण चार आठवडे लागतात. सर्वांत वरचा मृत पेशींचा थर सुमारे पंधरा-वीस पदरांचा असतो आणि त्याची एकूण जाडी मिलिमीटरच्या एक-दोन शतांश भागाइतकीच असते. हा थर म्हणजे मळ नव्हे. शरीरातले पाणी आत आणि जंतू बाहेर ठेवणारी ती भिंत आहे. आम्ल त्या भिंतीच्या विटांमधला चुना सैल करते. भिंत जिथे गरजेपेक्षा जाड झाली असेल तिथे हे उपकारक, एरवी अपायकारक.

म्हणूनच डॉक्टरांनी आम्ले प्रथम वापरली ती रोगट, जाड त्वचेवर. गजकर्णावरच्या जुन्या व्हिटफिल्डच्या मलमात ६ टक्के बेंझोइक आणि ३ टक्के सॅलिसिलिक आम्ल असते. पायाच्या कुरुपावर लावायच्या पट्टीत सॅलिसिलिक आम्ल ४० टक्के असते. तारुण्यपीटिकांसाठी मात्र अर्धा ते दोन टक्के पुरते. तीच पट्टी कुणी गालावर चिकटवली तर काय होईल, हे विद्यार्थ्यांनाच विचारावे.

पण नुसत्या टक्क्यावरून आम्लाचा जोर कळत नाही. हे नीट मांडण्याचे साधन उन्नांच्या काळी नव्हते. १९०९ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत सोरेन्सन याने सामूची मापनश्रेणी मांडली, तेव्हा ते हाती आले. आम्लाचे काही रेणू पाण्यात विघटित होतात, काही अखंड राहतात. त्वचेच्या स्निग्ध भिंतीतून आत शिरतात ते मुख्यतः अखंड रेणू. ग्लायकोलिक आम्लाचे सामू ३.८ ला निम्मे रेणू अखंड असतात, २.८ ला सुमारे ९० टक्के आणि ४.८ ला जेमतेम ९ टक्के. म्हणजे '१० टक्के' अशी एकच चिठ्ठी असलेल्या दोन बाटल्यांपैकी एकीत प्रत्यक्ष कामाचे आम्ल ९ टक्के, तर दुसरीत १ टक्क्याहूनही कमी असू शकते. पहिली चेहरा भाजेल, दुसरी काहीच करणार नाही. दुर्दैवाने टक्का ठळक छापतात, सामू बहुधा छापतच नाहीत.

आजच्या बाटल्यांचा खरा उगम १९७४ सालचा आहे. अमेरिकेत फिलाडेल्फिया येथे त्वचारोगतज्ज्ञ यूजीन व्हॅन स्कॉट आणि रसायनज्ञ रुए यू हे इक्थिओसिस या जन्मजात रोगावर उपाय शोधत होते. या रोगात कातडीवर माशासारखे खवले येतात. साठाहून अधिक पदार्थ तपासल्यावर त्यांना लॅक्टिक, ग्लायकोलिक, सायट्रिक, मॅलिक अशी आम्ले गुणकारी आढळली. ही आम्ले खवले वरून विरघळवत नाहीत. मृत थराच्या तळाकडील पेशींमधली पकड सैल करतात, असे त्यांनी पुढे दाखवले. खवल्यांनी त्रस्त रुग्णांसाठी शोधलेले हे औषध पुढील वीस वर्षांत निरोगी चेहऱ्यांचे प्रसाधन बनले.

मग मर्यादा आखण्याची वेळ आली. प्रसाधनांतील घटक तपासणाऱ्या अमेरिकेतील तज्ज्ञमंडळाच्या १९९८ च्या अहवालाने घरगुती वापरासाठी दोन अटी एकत्र घातल्या : ग्लायकोलिक किंवा लॅक्टिक आम्ल १० टक्क्यांपर्यंत आणि सामू ३.५ पेक्षा कमी नको. उन्हापासून संरक्षण ही तिसरी अट. चार आठवडे अशी आम्ले लावलेल्या स्वयंसेवकांची त्वचा अतिनील किरणांनी लाल होण्याची प्रवृत्ती १८ टक्क्यांनी वाढल्याचे आढळले होते. २०२४ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाला पुन्हा इशारा द्यावा लागला, कारण डॉक्टरांच्या देखरेखीत वापरायची तीव्र आम्ले लोक परस्पर मागवून घरी लावत होते.

आपल्याकडे हा धोका अधिक गंभीर आहे. सावळ्या त्वचेला भाजले किंवा दाह झाला, की त्या जागी काळा डाग उरतो आणि तो महिनोन्‌महिने जात नाही. डाग घालवायला लावलेले आम्ल नवा डाग देऊन जाते.

तेव्हा निवड कशी करावी? सॅलिसिलिक आम्ल तेलात विरघळते, म्हणून ते तेलकट त्वचेच्या छिद्रांत शिरते; पीटिकांना ते योग्य. लॅक्टिक आम्ल पाणी धरून ठेवते, म्हणून कोरड्या त्वचेला बरे. ग्लायकोलिकचा रेणू या कुळात सर्वांत लहान, म्हणून ते चटकन आत जाते आणि जास्त झोंबतेही. एका वेळी एकच आम्ल, सौम्य प्रमाणात, आठवड्यातून एक-दोनदा रात्री लावावे. दिवसा ऊन टाळावे, उन्हापासून रक्षण करणारे मलम लावावे. जखमेवर लावू नये. आग झाली तर धुऊन टाकावे आणि थांबावे. पीटिका फार असतील तर त्वचारोगतज्ज्ञाकडे जावे.

वर्गात एक सोपा प्रयोग करता येईल. ताजे दूध, दही, लिंबाचा रस आणि साबणाचे पाणी यांचा सामू दर्शक कागदाने मोजावा. दूध ६.७ च्या आसपास, दही ४.५ च्या जवळ, लिंबू २ ते २.५ आणि साबण ९-१० असे आकडे मिळतील. मग सांगावे, की निरोगी त्वचेच्या पृष्ठभागाचा सामू साधारण ५ असतो. दही सौम्य का आणि लिंबाचा रस गालावर का चोळू नये, हे मुले स्वतःच सांगतील. त्यातल्या एखाद्याने जरी घरी जाऊन बाटली उलटसुलट करून 'यावर सामू कुठे लिहिला आहे?' असे विचारले, तरी तासाचे सार्थक झाले.