सोडियमची वाट आणि प्राझोसिनची गोळी

लाल विंचू चावला की कोकणात माणूस मरायचा तो हृदय थकून. या विंचवाचं विष नसांमधली सोडियमची वाट वेळेवर बंद होऊ देत नाही. नसा चेकाळतात, अ‍ॅड्रेनलिनचा पूर येतो, रक्तवाहिन्या आवळतात आणि फुप्फुसांत पाणी भरतं. १९८३पर्यंत पश्चिम भारतात अशा रुग्णांपैकी २५ ते ३० टक्के दगावत.

महाडजवळच्या बिरवाडीत सरकारी डॉक्टर असलेल्या हिंमतराव बावस्करांनी रुग्णाच्या उशाशी बसून लक्षणं टिपली. १९८२ साली ती ‘लॅन्सेट’मध्ये छापून आली. सोडियमच्या वाटेला हात न लावता त्यांनी आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करणारी प्राझोसिन ही रक्तदाबाची साधी गोळी दिली. मृत्यू एक टक्क्याच्या खाली आले.

त्याच काळात अमेरिकेत हृदयविकाराच्या झटक्यानंतर सोडियमचा प्रवाह अडवणाऱ्या गोळ्या दिल्या जात. ईसीजीवर ठोके सुधारलेले दिसत. पण १९८९च्या मोठ्या चाचणीत एन्केनाइड आणि फ्लेकेनाइड घेणारेच जास्त मेले.

तिथे आधी मोजले होते चुकलेले ठोके. बिरवाडीच्या डॉक्टरने पहिल्यापासून मोजली ती माणसं.