प्रौढ कौशल्यशिक्षण (पोखर्णी परिसर)

कमावत्या वयातील माणसांना बदलत्या कामासाठी नवे कौशल्य देणारे शिक्षण. पोखर्णी हे परभणी तालुक्यातील, नृसिंह मंदिरासाठी प्रसिद्ध असलेले गाव परभणी–परळी लोहमार्गावर आहे. येथील रोजगार मुख्यतः कापूस, सोयाबीन व ज्वारीवर चालतो. सोयाबीनच्या मळणीत यंत्र आले. कापूस वेचणी मात्र अजून हातांचीच, तीही बहुधा बायकांच्या.

या भागाचे खरे प्रौढ विद्यापीठ म्हणजे परभणीचे कृषी विद्यापीठ (स्थापना 1972, आता वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ). तेथील सामुदायिक विज्ञान शाखेने शेतकरी महिलांचे कष्ट कमी करणाऱ्या साधनांवर काम केले, ही त्याची मोलाची बाजू. पदराच्या ओटीत कापूस घेऊन दिवसभर वाकणारीला साधे साधनही मोठा आधार देते. फवारणीत तर अज्ञान जिवावर बेतते. कीटकनाशकाच्या डब्यावरील त्रिकोण विषाची तीव्रता दाखवतो: लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा व हिरवा. अक्षरओळख नसलेल्या मजुरालाही तो वाचता येतो. पण त्याचा अर्थ कुणीतरी समजावून सांगावा लागतो.

महाराष्ट्रात प्रौढ साक्षरतेसाठी साताऱ्यातून 1959 मध्ये ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली. 1989 मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. विकसित देशांत आर्थिक सहकार्य व विकास संघटना 16 ते 65 वयोगटाचे वाचन, अंकज्ञान व समस्या सोडवण्याची क्षमता मोजते.