नाव झाकून पाठवलेली कथा : साहित्यस्पर्धांच्या इतिहासातली चार हस्तलिखितं

कुठल्याही मासिकाच्या कथा-कवितास्पर्धेची नियमावली काढून बघा. त्यात एक नियम हमखास सापडतो : साहित्यावर लेखकाने आपलं नाव घालू नये, नाव-पत्ता वेगळ्या कागदावर द्यावा. वाचताना हा नियम अगदी कारकुनी वाटतो. कारखान्यात मालाची तपासणी केलेल्या माणसाला मात्र तो लगेच कळतो. नमुना कुठल्या पाळीचा, कुणाच्या यंत्रावरचा, हे तपासणाऱ्याला सांगायचं नसतं. सांगितलं की मोजमाप बिघडतं. साहित्याची मोजपट्टी तर मुळातच लवचीक, त्यामुळे तिथे हे जास्तच लागू पडतं.

महाराष्ट्राबाहेरच्या मराठी माणसाला या नियमाचं महत्त्व आणखी वेगळं. पुण्या-मुंबईच्या संपादकांकडे त्याचं जाणं-येणं नसतं. इंदूर, बडोदा, हैदराबाद, बेळगाव इथून लिहिणाऱ्याला स्पर्धा हे ओळखीशिवाय उघडणारं दार वाटत आलं आहे. ते दार खरोखर किती उघडं होतं, हे पाहण्यासाठी चार प्रसंग घेऊ.

१८५५ : नाकारलेलं नाटक

पेशवाईत पुण्याला श्रावणात विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जाई. इंग्रजी अमलात तिचं स्वरूप बदलत गेलं. हा पैसा मराठी ग्रंथांच्या उत्तेजनासाठी वापरावा, असा अर्ज पुण्यातल्या सुधारकांनी १८४९ मध्ये केला, आणि पुढे दक्षिणा प्राइझ कमिटीमार्फत मराठी पुस्तकांना बक्षिसं मिळू लागली. पुस्तक लिहा, कमिटीकडे पाठवा, पसंत पडलं तर बक्षीस, असा हा मामला. म्हणजे एका अर्थाने मराठीतली ही सरकारी साहित्यस्पर्धाच.

जोतीराव फुले यांनी १८५५ मध्ये ‘तृतीय रत्न’ हे नाटक या कमिटीकडे दिलं. एक जोशी अडाणी कुणबी जोडप्याला ग्रहदशेची भीती घालून कसं लुबाडतो, आणि शेवटी ते जोडपं शिकायला कसं तयार होतं, अशी त्याची मांडणी. नाटक नाकारलं गेलं. कमिटीतल्या ब्राह्मण सभासदांच्या आग्रहापुढे युरोपियन सभासदांचं काही चाललं नाही, असं फुल्यांनी पुढे ‘गुलामगिरी’त (१८७३) नोंदवलं आहे.

आता इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. फुल्यांनी नाव झाकलं असतं तरी काय फरक पडला असता? ज्यांच्यावर टीका, त्यांच्याच जातीतले लोक परीक्षक. मजकूरच त्यांना टोचणारा होता. नाव झाकल्याने ओळखीपाळखीचा प्रश्न सुटतो, पण परीक्षकांच्या खुर्चीत कोण बसलंय हा प्रश्न सुटत नाही. हे नाटक छापून आलं ते थेट १९७९ मध्ये, ‘पुरोगामी सत्यशोधक’ या नियतकालिकात. म्हणजे तब्बल १२४ वर्षांनी! हस्तलिखित टिकलं म्हणून आज मराठी नाटकाच्या इतिहासाची सुरुवात कुठून धरायची, यावर आपण वाद तरी घालू शकतो.

१८९६ : तेलाच्या बाटलीतली विज्ञानकथा

दुसरा प्रसंग कलकत्त्याचा. हेमेंद्रमोहन बोस नावाचे उद्योजक ‘कुंतलीन’ हे केशतेल आणि ‘देलखोश’ हे अत्तर बनवत. १८९६ मध्ये त्यांनी बंगाली कथेसाठी ‘कुंतलीन पुरस्कार’ सुरू केला. अट मजेशीर होती : कथेत त्यांच्या मालाचा उल्लेख यावा, पण कथा जाहिरात वाटू नये. आजच्या प्रायोजकांनाही हे शिकण्यासारखं आहे.

पहिल्याच वर्षी बक्षीस मिळवलेली कथा निनावी होती. समुद्रप्रवासाला निघालेल्या माणसाला वादळ गाठतं, तो सामानातल्या केशतेलाची बाटली समुद्रात ओततो, लाटा शांत होतात. इकडे हवामान खातं चक्रावून जातं, की भाकीत केलेलं चक्रीवादळ गेलं कुठे! लेखक होते भौतिकशास्त्रज्ञ जगदीशचंद्र बोस. पाण्यावर तेल पसरलं की लाटा मंदावतात हे दर्यावर्दी लोकांना पूर्वापार ठाऊक होतं. पृष्ठताणाच्या या गोष्टीवर त्यांनी कल्पनेचा इमला चढवला. बंगालीतल्या सुरुवातीच्या विज्ञानकथांत तिची गणना होते. जाहिरातीच्या अटीतून एका भाषेतला नवा साहित्यप्रकार असा पुढे सरकला.

१९०३ : मामाचं नाव

याच पुरस्काराची आणखी एक नोंद आपल्या वाचकांना जवळची वाटेल. १९०३ मध्ये ‘मंदिर’ या कथेला बक्षीस मिळालं. कथेवर नाव होतं सुरेंद्रनाथ गंगोपाध्याय. खरा लेखक त्यांचा भाचा, शरच्चंद्र चट्टोपाध्याय, जो त्याच वर्षाच्या सुरुवातीला पोटापाण्यासाठी ब्रह्मदेशात निघून गेला होता. शरदबाबूंची ही पहिली छापील कथा, आणि तीही दुसऱ्याच्या नावावर. त्यांच्या नावाचा बोलबाला व्हायला पुढे काही वर्षं गेली. मग मामा वरेरकरांच्या अनुवादांमुळे ते मराठी घरांत इतके रुळले की अनेकांना ते आपलेच लेखक वाटत.

१९७४ : ज. वि. ना. आणि ना. वि. ज.

चौथा प्रसंग मराठीतला, आणि बृहन्महाराष्ट्राशी थेट नातं सांगणारा. जयंत विष्णु नारळीकर यांचा जन्म कोल्हापूरचा (१९३८), पण बालपण बनारसमध्ये गेलं. वडील तिथल्या हिंदू विश्वविद्यालयात गणिताचे प्राध्यापक. पुढे केंब्रिज, आणि १९७२ मध्ये परत येऊन मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत. शिक्षण आणि संशोधन परभाषेत, आणि मराठी घरात जपलेली. आपल्याकडच्या कित्येक कुटुंबांची हीच कहाणी.

मराठी विज्ञान परिषदेने विज्ञानकथांची स्पर्धा जाहीर केली. अहमदाबादच्या एका परिसंवादात रटाळ भाषण चालू असताना कथा लिहायला सुरुवात केली, असं नारळीकरांनीच सांगितलं आहे. कथेचं नाव ‘कृष्णविवर’. तोवर त्यांचं नाव घरोघरी पोचलेलं. त्या नावाने पाठवली असती तर बक्षीस कथेला की शास्त्रज्ञाला, हे त्यांनाही कधी कळलं नसतं. म्हणून स्वतःची आद्याक्षरं उलटी करून त्यांनी नाव घेतलं ‘नारायण विनायक जगताप’. परिषदेतले लोक अक्षर ओळखतील म्हणून कथा पत्नी मंगला नारळीकर यांच्या हस्ताक्षरात उतरवून घेतली. कथेला पहिलं बक्षीस मिळालं आणि मगच खरं नाव बाहेर आलं. पुढे ‘यक्षांची देणगी’ हा संग्रह आला, आणि २०२१ च्या नाशिक साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले.

यातून काय दिसतं?

जगदीशचंद्र आणि नारळीकर, दोघेही शास्त्रज्ञ, दोघांमध्ये ७८ वर्षांचं अंतर, तरी दोघांनी नाव बाजूला ठेवलं. मोठ्या नावालाही प्रामाणिक उत्तर हवं असतं. शरच्चंद्रांकडे नावच नव्हतं, तरी कथा वाचली गेली. आणि फुल्यांच्या बाबतीत यंत्रणाच एका बाजूला झुकलेली होती. म्हणून कुठल्याही स्पर्धेचा इतिहास लिहिताना विजेत्यांची यादी पुरत नाही. परीक्षक कोण होते, अटी काय होत्या, आणि परत काय गेलं, हे तिन्ही बघावं लागतं.

तिसरी गोष्ट सर्वांत अवघड. परत गेलेलं साहित्य कुणी जपत नाही. मासिकं विजेती कथा छापतात, बाकीचे कागद रद्दीत जातात. आपल्या भागातल्या मराठी मंडळांनी, वाचनालयांनी आणि हस्तलिखित मासिकं काढणाऱ्यांनी कितीतरी स्पर्धा घेतल्या. आजोबांच्या ट्रंकेत ‘साभार परत’ असा शेरा मारलेली एखादी कथा असेल, जुन्या अंकात नियमावलीचं पान असेल, परीक्षकांचं गुणपत्रक असेल, तर ते फेकू नका. फोटो काढा, वर्ष आणि नियतकालिकाचं नाव पेन्सिलीने मागे लिहा, आणि मंडळाला दाखवा. यंदा स्वतः कथा पाठवणार असाल तर तिची एक प्रत तारीख घालून घरी ठेवा. बक्षीस मिळो न मिळो, आपल्या गावात या काळी मराठीत काय लिहिलं जात होतं, याचा तो पुरावा असेल.