निद्रित बीजाची जागृति

शास्त्रांचे इतिहास बहुधा यशाचे पोवाडे असतात. चुकांना त्यांत जागा मिळते ती थोडी. गर्भाधानाच्या इतिहासांत मात्र चुकाच अधिक वाचनीय आहेत.

१६७७ सालीं डेल्फ्टच्या लेवेनहूकनें सूक्ष्मदर्शकाखालीं पुंबीजें वळवळतांना पाहिलीं; पण त्यांचें कार्य काय, हा प्रश्न सुमारें दीडशें वर्षें लोंबकळत राहिला. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत इटलींतील धर्मोपदेशक स्पालान्झानी यानें बेडकांच्या नरांना रेशमी कापडाच्या चड्ड्या चढविल्या, आणि मग अंडीं फळत नाहींत हें दाखविलें. पुढें त्यानें वीर्य कागदांतून गाळलें. गाळलेला द्रव निष्प्रभ झाला. कागदावरचा गाळ पाण्यांत मिसळतांच अंडीं फळलीं. इतका पुरावा हातीं असूनही, त्यांतील जंतु हे उपरे पाहुणे होत, हें आपलें मत त्या गृहस्थानें सोडलें नाहीं! १८२४ मध्यें प्रेव्हो व ड्यूमा यांनीं प्रयोग पुन्हां करून त्या जंतूंना न्याय दिला.

१८७६ मध्यें हर्टविगनें दोन बीजकेंद्रांचें मीलन वर्णिलें. तरीहि अंडें जागें कशानें होतें, हें कोडें उरलेंच. सस्तन प्राण्यांचें परिपक्व अंडें आपलें विभाजन अर्ध्यावर थांबवून वाट पाहत असतें. त्यांत १८९९ सालीं लोएबनें नुसतें क्षार मिसळलेलें समुद्रजल वापरून सी-अर्चिनचीं अंडीं नराविना वाढीस लाविलीं. म्हणजे पुंबीज केवळ दार ठोठावतें, कीं किल्ली घेऊन आंत शिरतें?

१९८५ च्या सुमारास उंदराच्या अंड्यांत असें दिसलें कीं, पुंबीज मिळाल्यावर कॅल्शियम तासन् तास पुनःपुन्हां उसळतें. १९९० मध्यें स्वान यानें पुंबीजांचा अर्क हॅमस्टरच्या अंड्यांत टोंचला, तेव्हां तशाच उसळ्या उठल्या. किल्ली आंतच होती तर!

मग घाई झाली. १९९६ मध्यें पॅरिंग्टन, स्वान, लाय प्रभृतींनीं ‘ऑसिलिन’ हें प्रथिन ‘नेचर’ पत्रांत जाहीर केलें. तें शर्करेच्या व्यवहारांतलें एक सामान्य एन्झाइम निघालें. शुद्ध स्वरूपांत टोंचलें असतां अंडें हललेंहि नाहीं. मला कौतुक वाटतें तें पुढच्या भागाचें. २००२ मध्यें कार्डिफहून फॉस्फोलायपेज-सी झीटा या प्रथिनाचा शोध प्रसिद्ध झाला, आणि त्या निबंधावर याच तिघांचीं नांवें होतीं. हें प्रथिन अंड्यांतील एका स्निग्ध द्रव्याचें विघटन करतें. त्यांतून निघणारें इनॉसिटॉल-ट्रायफॉस्फेट आंतल्या साठ्याचें कुलूप काढतें आणि कॅल्शियम बाहेर पडतें. त्या लाटांनीं विभाजन रोखून धरणारें प्रथिन नष्ट होतें, शिवाय अंड्याचें कवच दुसऱ्या पुंबीजास बंद होतें.

२०१७ मध्यें हें प्रथिन मुळींच नसलेले उंदीर निर्माण करण्यांत आले. त्यांच्या पुंबीजांनीं त्या नेहमींच्या उसळ्या उठविल्या नाहींत. तरी ते नर सर्वस्वी वांझ ठरले नाहींत. पिलें थोडीं, पण झालीं.

मनुष्यांतहि कांहीं पुरुषांच्या पुंबीजांत हें प्रथिन सदोष असतें. १९९२ पासून प्रचलित झालेल्या रीतीनें पुंबीज सुईनें थेट अंड्यांत सोडलें, तरी तें निद्रितच राहतें, आणि जोडप्याची आशा पुन्हां फोल ठरते. अशा वेळीं डॉक्टर अंडें कॅल्शियम आंत नेणाऱ्या एका रसायनांत थोडा वेळ ठेवतात. लोएबच्या समुद्रजलाचेंच हें दूरचें भावंड होय.