लेण्यांतील यवनांची नावे आणि आमची नावे

विहारात नामकरणासाठी येणाऱ्या तरुण आई-वडिलांची एक अपेक्षा अलीकडे वारंवार कानी येते. नाव बौद्ध संस्कृतीतले असावे, परंतु शाळेत, कचेरीत, परप्रांतात वा परदेशात ते कोणास खटकू नये. ते दोन्हीकडे चालावे. ‘दोन्हीकडे’ या शब्दाचा अर्थ कधी मराठी आणि इंग्रजी असा असतो, तर कधी आपली वस्ती आणि तिच्याबाहेरचा समाज असा. पहिल्या अर्थाने ही अडचण केवळ उच्चाराची आहे. दुसऱ्या अर्थाने ती आपली ओळख सांगावी की झाकावी याची आहे, आणि म्हणूनच ती गंभीर आहे. या प्रश्नाकडे इतिहासाच्या अंगाने पाहावे असे आम्हांस वाटते. कारण दोन भाषांत आणि दोन संस्कृतींत नाव वागवण्याचा अनुभव या भूमीवरील उपासकांनी सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच घेतलेला आहे, आणि त्याची नोंद आपल्याच सह्याद्रीतील लेण्यांत कोरलेली आहे.

प्रथम सर्वांच्या परिचयाचे एक नाव घेऊ. बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर) येथे सुरू केलेले महाविद्यालय पुढे ‘मिलिंद’ या नावाने विख्यात झाले व त्याचा परिसर नागसेनवन म्हणून ओळखला जाऊ लागला. राजा आणि भिक्खू यांची ती जोडी मराठवाड्यातील आमच्या कित्येक पिढ्यांच्या शिक्षणाशी कायमची बांधली गेली. घरोघरी मुलांची नावे मिलिंद ठेवली गेली. परंतु हे नाव मूळचे भारतीय नव्हे. इ.स.पूर्व दुसऱ्या शतकात वायव्य भारतावर राज्य करणाऱ्या मेनान्द्रोस या ग्रीक राजाचे ते पाली रूप होय. त्याच्या चांदीच्या नाण्यांवर एका बाजूस ग्रीक आणि दुसऱ्या बाजूस खरोष्ठी लिपीत प्राकृत लेख आहे : ‘महरजस त्रतरस मेनंद्रस’. येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. ‘सोतेर’ या ग्रीक बिरुदाचे ‘त्रतर’, म्हणजे त्राता, असे भाषांतर केलेले आहे. नावाचे भाषांतर मात्र नाही. अफगाणिस्तानात कंदाहार येथे १९५८ साली सापडलेल्या सम्राट अशोकाच्या ग्रीक व अरामी द्विभाषिक लेखातही तेच दिसते. तेथे धम्माला ग्रीक प्रतिशब्द योजला आहे, पण ‘पियदसि’ हे नाव ‘पियोदास्सेस’ असे ध्वनीनेच पलीकडे नेले आहे.

लोकांच्या तोंडी मात्र नावे अशी अखंड राहत नाहीत. अशोकाच्या तेराव्या शिलालेखात ‘अंतियोक’ म्हणून येणारे ग्रीक नाव मिलिंदपञ्हात ‘अनंतकाय’ होऊन अमात्याच्या रूपाने भेटते. त्याचा सोबती देवमंतिय म्हणजे देमेत्रिओस, असे विद्वान मानतात. ऐकणाऱ्याने परक्या नावात आपल्या भाषेचा अर्थ शोधला आणि नाव त्या अर्थाच्या दिशेने वळले. खुद्द ‘मिलिंद’ या शब्दाचा संस्कृतात भुंगा असा अर्थ आहे. आज महाराष्ट्रात सर्व समाजांत मिलिंद आढळतात; एका घरी नाव ठेवताना मनात भुंगा असतो, दुसऱ्या घरी सागल नगरीचा प्रश्नकर्ता राजा.

आता लेण्यांकडे वळू. कार्ले येथील चैत्यगृहाच्या स्तंभांवर धेनुकाकट येथील अनेक दात्यांची नावे आहेत व त्यांतील काही यवन आहेत. त्यांपैकी एक सिहधय, म्हणजे सिंहध्वज; दुसरा यसवधन, म्हणजे यशोवर्धन. हे ‘यवन’ वंशाने ग्रीकच होते काय, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. पण नावांवरून त्यांना कोणीही परके म्हटले नसते, एवढे निश्चित. तरीही स्तंभावर नाव कोरताना त्यांनी ‘यवन’ हा शब्द गाळला नाही. जुन्नरच्या लेण्यांत याच्या उलट प्रकार दिसतो. तेथे पाण्याची दोन टाकी दान करणारा यवन इरिल आहे, भोजनमंडप संघाला देणारा यवन चिट आहे. ही नावे ना संस्कृत वाटतात, ना पाली. त्याच पंक्तीत चंद नावाचाही यवन दाता आहे. वायव्येस स्वात खोऱ्यात थेउदोर नावाच्या ग्रीक अधिकाऱ्याने शाक्यमुनी भगवंतांच्या अस्थी प्रतिष्ठापित केल्या. आपले ग्रीक नाव त्याने बदलले नाही. करंडकावर मात्र त्याने ‘बहुजनां’च्या हितासाठी असा हेतू खरोष्ठीत कोरवला. तो शब्द आमच्या वाचकांना निराळा समजावून सांगायला नको.

परंतु आमच्या विषयासाठी सर्वांत मोलाचा लेख नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांतील आहे. १७ क्रमांकाच्या लेण्यातील या लेखात दाता आपला परिचय असा देतो : तो उत्तरेकडचा, दातामिती नगरीचा, योनक, धंमदेवाचा पुत्र इद्राग्निदत. आई-वडिलांच्या प्रीत्यर्थ त्याने हे लेणे, आतील चैत्यघर आणि टाकी खोदविली व सर्व बुद्धांच्या पूजेसाठी चारही दिशांच्या भिक्खुसंघास अर्पण केली; आणि हे दान त्याने धंमरखित या आपल्या पुत्रासह केले. (दातामिती हे नगरनामही बहुधा ‘देमेत्रिआस’चे देशी रूप असावे.) एका योनक कुटुंबाच्या तीन पिढ्यांची नावे एका लेखात अशी सलग मिळणे दुर्मीळ होय. आजोबाच्या नावात धम्म आहे. मधल्या पिढीत इंद्र आणि अग्नी या वैदिक देवता आल्या आहेत. नातवाच्या नावात धम्म परत आला आहे.

मधल्या पिढीच्या नावाने आमच्या काही मित्रांना अडखळल्यासारखे होते. ते होऊ नये. ग्रीकांत अपोल्लोदोरोस, हेलिओदोरोस अशी ‘अमुक देवाने दिलेला’ या अर्थाची नावे सर्रास असत. ‘-दत्त’ ही घडण त्यांच्या कानाला आपलीच वाटली असल्यास नवल नाही. शिवाय इंद्राग्निदत्त या नावाचा मनुष्य संघाला लेणे अर्पण करतो, यावरून नाव कोणत्या देवतेचे आहे याचा त्याच्या श्रद्धेला अडथळा झाला नाही, हेही दिसते. जुने नाव न बदलता धम्मदीक्षा घेतलेली विठ्ठल, लक्ष्मण, सखुबाई या नावांची आमची वडीलधारी माणसे त्याच पंक्तीत बसतात.

नातवाच्या नावाबद्दल आम्ही एक अनुमान मांडतो. तिसऱ्या संगीतीनंतर अपरान्तात, म्हणजे कोकणपट्टीत, धम्मप्रसारासाठी जे थेर धाडले गेले त्यांचे नाव महावंसात योन धम्मरक्खित असे दिले आहे. नाशिकच्या योनक बापाने पुत्राचे नाव ठेवताना आपल्याच समाजातून आलेल्या त्या थेरांचे स्मरण केले असेल काय? लेखात तसे म्हटलेले नाही. पण हे नाव प्राकृतात सरळ अर्थाचे होते, स्थानिक कानाला कुठेही खटकणारे नव्हते, आणि योनक घराला त्यात स्वतःचा इतिहास ऐकू येत होता, ही शक्यता आम्हांस बळकट वाटते.

नावाला एवढे महत्त्व द्यावे काय, असा आक्षेप खुद्द मिलिंदपञ्हाच्या आधारे घेता येईल. राजाने नाव विचारताच नागसेन सांगतात की, आई-वडील नागसेन म्हणतात, सूरसेन, वीरसेन वा सीहसेनही म्हणतात, पण ती केवळ संज्ञा आहे, व्यवहार आहे; तिच्यामागे कोणी कायम पुद्गल सापडत नाही. हे आम्हांस मान्यच आहे. मात्र ज्या समाजव्यवस्थेत आम्ही जगलो तिने नावाला कधी केवळ संज्ञा मानले नाही. ब्राह्मणाचे नाव मंगल, क्षत्रियाचे बलवाचक, वैश्याचे धनवाचक आणि शूद्राचे जुगुप्सित असावे, असा मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायाचा दंडक आहे. गावगाड्यात नाव चांगले ठेवले तरी हाक तोडूनच मारली जाई. रामचंद्राचा राम्या होई. १४ ऑक्टोबर १९५६ नंतर सिद्धार्थ, राहुल, सुजाता, संघमित्रा, प्रज्ञा ही नावे आमच्या वस्त्यांत आली ती या हाकेला उत्तर म्हणून.

तेव्हा दोन्हीकडे चालणारे नाव शोधण्यात गैर काही नाही. परदेशात वाढणाऱ्या मुलीसाठी ‘प्रज्ञा’तील जोडाक्षर कोणास अवघड वाटत असेल तर ‘माया’ आहे. भगवंतांच्या मातेचे हे नाव युरोपातही परिचयाचे आहे. पण नाव ओळख झाकण्यासाठी हवे असेल तर ते काम त्याच्याकडून फार दिवस होत नाही. आडनाव, गाव, जयंतीची सुट्टी यांतून ती पुढे येतेच, आणि मग झाकले होते म्हणून मूल अधिक अवघडते. कार्ल्याच्या सिहधयाला लपणे सहज शक्य होते. तो स्तंभावर ‘यवन’ लिहून गेला.

विहारांतून नावांच्या ज्या याद्या फिरतात त्यांत धम्मपाल, धम्मदीप आढळतात. धम्मरक्खित आम्हांस क्वचितच दिसले. ते यादीत घालावे, आणि शाळेच्या दाखल्यावर ‘धर्मरक्षित’ असे परस्पर लिहिले जाऊ नये म्हणून जन्मनोंद करतानाच अर्जावर ‘म्म’ आणि ‘क्ख’ ठळक अक्षरांत लिहून द्यावेत.